रोख पैशांवर मर्यादा घालणारे निर्वासितांचे कार्ड : अदलाबदलीच्या टेबलावर आपण बसावे का?

इसारकाठ

नमस्कार. मी नऊ वर्षांपासून म्युनिकमध्ये राहते. आमच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. मे महिन्यातल्या एका शनिवारी त्यांनी दार वाजवले आणि विचारले, "दर आठवड्याला किराणा भरतेस ना? मग पन्नास युरो रोख घे आणि माझ्याबरोबर चल." त्या मला जवळच्या चर्चच्या सभागृहात घेऊन गेल्या. एका लांब टेबलाच्या अलीकडे आमच्यासारखी माणसे बसली होती आणि पलीकडे जर्मनीत आश्रय मागून आलेली. त्यांच्या हातात सुपरमार्केटची पन्नास-पन्नास युरोंची कुपने होती. कुपन घ्यायचे, त्याला टाचलेली पावती पाहून ते चालू झाल्याची खात्री करायची आणि पन्नास युरो रोख द्यायचे, एवढाच व्यवहार. त्यात कोणी दान देत नाही आणि कोणी दलाली घेत नाही. मी ते कुपन त्याच संध्याकाळी दूध, पीठ आणि टोमॅटो घेऊन संपवले.

हा उपद्व्याप कशासाठी, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीचे केंद्र सरकार आणि राज्यांचे मुख्यमंत्री यांनी असे ठरवले की, आश्रयार्थींना मिळणारी मदत रोख न देता कार्डावर जमा करावी, म्हणजे ती मायदेशी किंवा मानवी तस्करांकडे जाणार नाही. मे २०२४ मध्ये तशी तरतूद कायद्यात आली. आमच्या बव्हेरिया राज्याने मात्र कायद्याची वाट न पाहता मार्चमध्येच चार ठिकाणी सुरुवात केली आणि जूनअखेर कार्ड राज्यभर लागू केले. या कार्डातून इथे प्रौढ व्यक्तीला महिन्याला फक्त ५० युरो रोख काढता येतात. दुकानात कार्ड चालते, म्हणून त्यावर सुपरमार्केटची कुपने घेऊन ती रोखीत बदलण्याची ही वाट निघाली; पण ऑनलाइन खरेदी करता येत नाही, परदेशी पैसे पाठवता येत नाहीत, आणि कोणाच्या खात्यावर पैसे भरायचे झाले तर आधी कार्यालयाची मंजुरी लागते.

माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी शाळेतून आलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली होती. वर्गाची सहल असून बारा युरो लिफाफ्यात घालून मुलाबरोबर पाठवावेत, असे त्यात लिहिले होते. मी पन्नासची नोट पुढे केली. त्यांनी ती घेतली, चिठ्ठीकडे पाहिले आणि शेजारच्या बाईंकडे सुटे मागितले.

आता प्रश्न असा आहे. आमच्या मराठी मंडळात हा विषय मांडावा, असे मला वाटते. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांना फोन केला, तर ते म्हणाले, "आपण इथे पाहुणे आहोत, यजमानांच्या घरच्या भांडणात पडू नये." त्यांचा हेतू वाईट नाही, पण मला ते पटलेही नाही. आपल्याला काय वाटते?

सदाफुली

विषय मोलाचा आहे आणि मला याची काहीच कल्पना नव्हती. तूर्त जागा धरून ठेवते आणि वाचत राहते.

आकडेमोड

मला कार्यकारिणीतल्या त्या गृहस्थांचे म्हणणे योग्य वाटते, आणि ते केवळ पाहुणेपणामुळे नव्हे. २०२३ या एका वर्षात जर्मनीत आश्रयासाठी प्रथमच अर्ज करणाऱ्यांची संख्या ३ लाख २९ हजारांच्या घरात होती. गावोगावच्या पालिकांनी शाळांच्या व्यायामशाळांत खाटा टाकल्या. अशा वेळी निवडून आलेल्या सरकारांनी, आणि त्यांत एकाच पक्षाची सरकारे नव्हती, मिळून एक नियम केला. तो आपल्याला आवडो वा न आवडो, पण टेबल मांडून तो निष्प्रभ करणे म्हणजे लोकशाहीने घेतलेल्या निर्णयाला मागच्या दाराने बगल देणे होय. माझ्या पगारातला मोठा हिस्सा करापोटी जातो. तो पैसा अन्न आणि निवारा यांवर खर्च व्हावा, मानवी तस्करांच्या देण्यावर नव्हे, अशी अपेक्षा ठेवण्यात निर्दयता कसली?

हॅम्बुर्गकर

आमच्याकडे हे कार्ड फेब्रुवारी २०२४ मध्येच आले. प्रौढांना ५० युरो आणि मुलामागे १० युरो, अशी रोखीची मर्यादा ठरली. आकडेमोड यांच्या नावाला साजेसा थोडा हिशेब मांडतो. २०२५ चा दर एकट्या प्रौढासाठी महिना ४४१ युरो होता, सामूहिक निवासात राहणाऱ्यासाठी ३९७, आणि जेवण तिथेच मिळत असेल तर हाती याहूनही कमी येते. एवढ्यात महिनाभर खाऊन, कपडे घेऊन, फोन चालू ठेवून, प्रवास करून तस्कराला पाठवण्याइतके उरवणारा माणूस मला भेटला, तर मी त्याला आमच्या गृहसंस्थेचा खजिनदार करीन.

दुसरे असे की, जर्मनी हा रोखीवर चालणारा देश आहे, हे भारतात बसून वाचणाऱ्यांच्या लक्षात येणार नाही. पुण्यात शहाळेवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड असतो. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीच्या दारावर 'फक्त रोख' अशी पाटी आहे. जुन्या बाजारात मुलाची सायकल घ्यायची असो, शाळेतल्या जत्रेत केक घ्यायचा असो की स्टेशनवरचे स्वच्छतागृह वापरायचे असो, रोख लागतेच. मासिक प्रवास-पासचे पैसेही बहुधा बँकखात्यातून आपोआप वळते होतात, आणि हे कार्ड म्हणजे बँकखाते नव्हे.

आमच्या वस्तीत एका सिरियन तरुणाने यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. तो कार्डावर पाण्याच्या बाटल्या घ्यायचा आणि रिकाम्या बाटल्या यंत्रात टाकून बाटलीमागे २५ सेंट अनामत रोखीत परत मिळवायचा. दहा युरोंसाठी चाळीस बाटल्या लागतात. तो हसत म्हणाला होता की, हॅम्बुर्गमध्ये त्याच्याइतके पाणी कोणीच पीत नसेल.

पोटापुरता

मी आखेनमध्ये शिकतो आहे. पैसे अडवून ठेवणे म्हणजे काय, हे आम्हा विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक आहे. व्हिसासाठी बंद खात्यात ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि इथे आल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. वडिलांनी कर्ज काढून भरलेला पैसा असूनही तो आम्हाला हप्त्यानेच मिळतो. आम्ही कधी तक्रार केली नाही. मग आश्रयार्थींच्या बाबतीतच एवढा गहजब का?

इसारकाठ

@पोटापुरता, तुमची तुलना चपखल आहे, पण ती एका ठिकाणी लंगडी पडते. ते ९९२ युरो तुमच्या साध्या बँकखात्यात येतात आणि तिथून पुढे तुम्हाला कोणी अडवत नाही. सगळे रोख काढा, मित्राला उसने द्या किंवा घरभाड्याला लावा, कोणी विचारणार नाही. तुमच्यावर मर्यादा आहे ती रकमेची. त्यांच्यावर रकमेची मर्यादा आधीपासून आहेच, आणि आता तिच्यावर पैशाच्या रूपाचीही मर्यादा आली आहे. शिवाय तुम्ही आल्यापासून वर्षाला ठरावीक दिवस नोकरी करू शकता. त्यांना पहिले तीन महिने, आणि स्वागतकेंद्रात राहणाऱ्या पुष्कळांना सहा महिन्यांपर्यंत, काम करण्याची मुभाच नसते.

पोटापुरता

हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. मान्य आहे.

जुनाजाणता

मी १९९८ पासून लंडनमध्ये आहे. हे सारे वाचताना जुने नाटक नव्या संचात पाहत असल्यासारखे वाटले. १९९९ च्या कायद्यानुसार ब्रिटनने एप्रिल २००० पासून आश्रयार्थींना रोख रकमेऐवजी कागदी कुपने द्यायला सुरुवात केली. पंचविशी ओलांडलेल्या एकट्या माणसाला आठवड्याला ३६.५४ पौंड मिळत, त्यातले रोख फक्त १० पौंड. त्यात भर म्हणजे कुपनावर सुटे परत द्यायचे नाहीत, असा दंडक होता. पाच पौंडांच्या कुपनावर साडेचारचे सामान घेतले, तर उरलेले पन्नास पेन्स दुकानदाराच्या गल्ल्यात राहत. ज्याच्याकडे मुळात कमी, त्याच्याकडूनच वरकड काढून घेण्याचा हा प्रकार होता.

मी तेव्हा संध्याकाळी एका सुपरमार्केटात गल्ल्यावर बसत असे. रांगेत एखाद्याने कुपन काढले की मागची माणसे एकमेकांकडे पाहू लागत. एक वयस्क सोमाली गृहस्थ नेहमी पुढे-मागे दोन माणसे सोडून, जरा आडबाजूला उभे राहत. रक्कम कुपनाच्या जवळ यावी म्हणून ते शेवटी एखादी च्युइंगगमची पुडी उचलत. त्यांना दात नव्हते. ती पुडी ते मलाच देत आणि मी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडणीवर ठेवत असे, जे नियमात बसत नव्हते.

त्या वेळीही कुपने विकत घेऊन रोख देणारे गट शहरोशहरी उभे राहिले होते. वाहतूक कामगारांच्या मोठ्या संघटनेचे सरचिटणीस बिल मॉरिस यांनी हा विषय जाहीरपणे लावून धरला. ऑक्टोबर २००१ मध्ये गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी ही कुपने बंद करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी ती गेली. अदलाबदलीमुळेच ती गेली, असे मी म्हणणार नाही, कारण संसदेत आणि पक्षातही दबाव होता. पण रांगेत उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसाला ही योजना काय आहे ते कळले, ते बऱ्याच अंशी या टेबलांमुळे. @आकडेमोड, तीही लोकशाहीने केलेलीच व्यवस्था होती आणि लोकशाहीनेच ती मोडली. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात नागरिकांनी मुकाट बसावे, असे कोणत्याही घटनेत लिहिलेले नाही.

कुपनबहाद्दर

माझ्या सदस्यनामामुळे मला इथे बोलणे भागच आहे. पुण्यात नोकरीला असताना आम्हाला पगाराबरोबर जेवणाची कुपने मिळत. ती भाजीवाला घेई, वाणी घेई, आणि कोपऱ्यावरचा पानवाला शंभराच्या कुपनाला नव्वद रुपये रोख देई. आम्ही त्याला 'आमची रिझर्व्ह बँक' म्हणत असू.

गंमत बाजूला ठेवून एक मुद्दा मांडतो. जिथे गरज आहे आणि पैशावर बंधन आहे, तिथे असा पानवाला उगवतोच. चर्चमधले हे टेबल नसते, तर पन्नासचे कुपन चाळिसाला घेणारे कोणीतरी निवासाच्या फाटकाशी उभे राहिले असते. तेव्हा अदलाबदल हवी की नको, असा पर्याय प्रत्यक्षात नसतोच. ती पूर्ण किमतीला व्हावी की दहा युरो कापून, एवढेच काय ते उरते.

तळकोकण

पैसे मायदेशी जाऊ नयेत, हा या कार्डामागचा एक जाहीर हेतू आहे, हे वाचून मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. आमचा अख्खा जिल्हा मनीऑर्डरीवर जगला. आजोबा गिरणीत होते, लालबागच्या खोलीत बारा माणसांत एक वळकटी टाकायची जागा त्यांच्या वाट्याला होती. महिन्याच्या दहा तारखेला पोस्टमन पाणंदीतून येताना दिसला की आजी चुलीवर चहाचे आधण ठेवत असे. गावाकडे पैसे पाठवण्यासाठी आजोबांनी पोटाला चिमटा काढला, त्याला आम्ही कर्तव्य म्हणतो. हेरातच्या किंवा अलेप्पोच्या माणसाने महिन्याला वीस युरो आईला धाडले, तर तो मदतीचा गैरवापर कसा ठरतो?

आकडेमोड

@तळकोकण, आपल्या आजोबांनी ते पैसे घाम गाळून मिळवले होते. करदात्यांनी उदरनिर्वाहासाठी दिलेली मदत आणि कमावलेली मजुरी यांत फरक आहे, आणि तो भावनेच्या भरात पुसून टाकू नये. बाकी @जुनाजाणता आणि @कुपनबहाद्दर यांचे मुद्दे विचार करण्यासारखे आहेत, हे मोकळेपणाने मान्य करतो. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या दलालाचा विचार मी केला नव्हता.

तरी व्यवहाराची एक बाजू राहतेच. २७ जून २०२४ पासून इथे पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि आपल्यापैकी कित्येकांचे अर्ज रांगेत आहेत. बव्हेरियाच्या सरकारला ही अदलाबदल खुपते, तिला कायद्याने आळा घालावा असे त्यांचे म्हणणे आहे. मंडळाच्या नावाने हे केले आणि उद्या काही शेकले, तर जबाबदारी कोण घेणार?

गोदावरी

मी नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी भागात शिक्षिका होते. रोख द्यावी की वस्तू, हा वाद आपल्याकडेही जुनाच आहे. टाळेबंदीच्या वर्षी, २०२० मध्ये, राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान पुन्हा सुरू केले. कुटुंबामागे ४,००० रुपये ठरले, त्यातले २,००० खात्यावर रोख आणि २,००० च्या वस्तू, म्हणजे कडधान्ये, डाळी, तेल, साखर, मीठ, चहापूड. याद्या करण्याच्या कामात आम्ही शिक्षकही होतो. एक बाई मला म्हणाली, "बाई, डाळ चांगली हाये, पण डाळ दिऊन जीपवाला पोराला दवाखान्यात नेत नाय."

देणाऱ्याला वाटते की वस्तू दिली म्हणजे ती योग्य कामी येईल, कारण योग्य काम कोणते ते देणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. घेणाऱ्याची अडचण मात्र आठवड्याला बदलते. रोख पैसा कोणालाही न विचारता त्या अडचणीमागे धावतो. आमच्या खात्यावरच्या दोन हजारांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही, आणि मला वाटते, त्या अनुदानातली खरी मदत तीच होती.

हॅम्बुर्गकर

गोदावरीबाई, फार नेमके लिहिले आहे. याला जोडून न्यायालयांचे सांगतो. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १८ जुलै २०१२ रोजी आश्रयार्थींच्या मदतीविषयी निकाल दिला होता. १९९३ पासून रकमा जवळपास गोठलेल्या होत्या, एकट्या माणसाला महिना सुमारे २२५ युरो मिळत. स्थलांतर रोखण्याचे धोरण म्हणून माणसाच्या प्रतिष्ठेला कात्री लावता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. या कार्डाबाबतही जुलै २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या आणि न्युर्नबर्गच्या सामाजिक न्यायालयांनी, काही अर्जदारांपुरते आणि तात्पुरत्या आदेशांतून, सर्वांना सरसकट ५० युरोंची मर्यादा न लावता ज्याची-त्याची परिस्थिती पाहावी, असे म्हटले. ते आदेश अंतिम नव्हते, हे लक्षात ठेवावे. तरीही गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला एकाच फुटपट्टीने मोजू नये, हे सांगायला न्यायालयात जावे लागले.

एक गोष्ट कार्डाच्या बाजूनेही लिहितो, नाहीतर चित्र एकांगी होईल. हॅनोव्हर शहराने डिसेंबर २०२३ मध्येच असे कार्ड दिले, पण रोख काढण्यावर मर्यादा घातली नाही. लोकांचे महिन्याच्या महिन्याला कार्यालयात रांग लावणे वाचले आणि कर्मचाऱ्यांचे कामही हलके झाले. म्हणजे कार्ड ही सोय असू शकते. भांडण आहे ते प्लास्टिकशी नव्हे, त्यावर लिहिलेल्या पन्नासच्या आकड्याशी.

सदाफुली

जागा धरली होती, आता लिहिते. मी डॉर्टमुंडला असते. आमच्या राज्याने हे कार्ड लागू करताना ते नाकारण्याची मुभा गावांना आणि शहरांना दिली, आणि पुष्कळ पालिकांनी ती घेतली. तेव्हा 'जर्मनीचे मत' असे एकच एक काही नाही. यजमानांच्या घरातच दोन तट आहेत. पाहुण्याने कोणत्या खोलीत बसावे, एवढाच प्रश्न आहे.

कुपनबहाद्दर

धागाकर्तीला एक व्यावहारिक सूचना करतो. मंडळाच्या गणेशोत्सवाला प्रसादाचा आणि महाप्रसादाचा शिधा कुठून येतो? साखर, रवा, दूध, तूप, केळी, बटाटे हे सगळे सुपरमार्केटातूनच येत असणार. तो खर्च या कुपनांनी केला, तर एका दिवसात कितीतरी लोकांना रोख मिळेल. ठराव नको, घोषणा नको, फलक नको. किराणा तर आणायचाच आहे.

तळकोकण

बाप्पाच्या शिऱ्याने कोणाच्या नागरिकत्वाला धोका पोहोचेल असे वाटत नाही. सूचनेला अनुमोदन.

इसारकाठ

तीन आठवड्यांनी परत आले आहे. उशीर झाला, क्षमस्व. सर्वांची मते मी छापून कार्यकारिणीच्या बैठकीत नेली होती, सदस्यनामांसकट, त्यामुळे 'पोटापुरता' म्हणजे कोण, यावर दहा मिनिटे गेली.

मंडळाच्या नावाने काही करायचे नाही, असे ठरले. मंडळाने हे करण्याला विरोध करणारे ते ज्येष्ठ नव्हते, खजिनदार होते, आणि त्यांचे कारण ऐकून मलाही गप्प बसावे लागले. इथे नोंदणीकृत संस्थेला प्रत्येक खर्चाची पावती हिशेबतपासनिसांना दाखवावी लागते. मंडळाच्या रोख पैशांतून अनोळखी व्यक्तीकडून कुपन घेतले आणि मग कुपनाने साखर घेतली, तर मधल्या पायरीची पावती कोण देणार? @कुपनबहाद्दर, आपली सूचना सर्वांना आवडली, पण ती हिशेबवहीत बसेना. तेव्हा असे ठरले की, प्रसादाची जबाबदारी ज्या घरांकडे आहे, त्यांनी वाटल्यास वैयक्तिकरीत्या कुपने घ्यावीत आणि किराण्याची पावती नेहमीप्रमाणे मंडळाला द्यावी. बैठकीतच सहा घरांनी हो म्हटले. हिंग, वेलची आणि मोदकाची पिठी भारतीय दुकानातूनच येते आणि तिथली कुपने कोणी आणत नाही, तेवढे आम्ही नेहमीसारखे रोखीनेच घेऊ.

'यजमानांच्या भांडणात पडू नये' असे म्हणणारे ते ज्येष्ठ गेल्या शनिवारी माझ्याबरोबर आले होते. बराच वेळ ते टेबलापासून लांब, खिडकीपाशी उभे होते. मग त्यांनी एका अफगाण तरुणाशी हिंदीत बोलायला सुरुवात केली, कारण त्या मुलाची काही वर्षे पेशावरला गेली होती आणि त्याला उर्दू येत होती. निघताना त्यांच्या खिशात दोन कुपने होती. मी काही विचारले नाही, त्यांनीही काही सांगितले नाही.

आकडेमोड

माझे मूळ मत अजून तसेच आहे. हा नियम बदलायचा असेल तर तो विधिमंडळातच बदलावा. पण वैयक्तिक किराण्याला माझी हरकत असण्याचे कारण नाही, आणि ऑगस्टमध्ये पुरणाची डाळ आमच्याकडे आहे. टेबल किती वाजता असते?

इसारकाठ

शनिवारी अकरा ते एक. येताना दहाच्या आणि वीसच्या नोटा आणाव्यात, जमल्यास थोडी नाणीही. पन्नासची अख्खी नोट शाळेच्या लिफाफ्यात घालता येत नाही.